दादांची जीप आणि पुतण्याचे बेत

आमच्या पेठ वडगावात पाहण्यासारख्या गोष्टी दोन. एक सेनापती धनाजी जाधवांची समाधी आणि दुसरी आमच्या वाड्यातली जीप. हे मत माझे नव्हे, आमच्या पुतण्याचे. घरी पाहुणा आला, की चहा होण्यापूर्वीच तो त्याला मागच्या गोठ्यात नेतो. गोठ्यात आता जनावर नाही. गव्हाणीत पाने, पकडी, ग्रीसगन आणि नटबोल्टांचे डबे आहेत, आणि जिथे दादांची म्हैस बांधलेली असे तिथे १९६६ सालची, डाव्या हाताच्या स्टिअरिंगची जीप उभी आहे. शेणाचा वास गेला आणि पेट्रोलचा आला, एवढाच काय तो फरक, असे आमच्या वहिनी म्हणतात.

ही गाडी आमच्या थोरल्या बंधूंनी १९७९ साली सरकारी लिलावात घेतली. चिखलाच्या दिवसांत उसाच्या फडापर्यंत जाईल असे वाहन त्यांना हवे होते, आणि ते त्यांना मिळाले. दादा जाऊन आता बारा वर्षे झाली. गाडी मात्र राहिली. ती विकावी असे घरात कोणी म्हणत नाही. ती नीट ठेवावी असे सर्वजण म्हणतात. नीट म्हणजे काय, यावर मात्र माझे आणि पुतण्याचे गेली तीन वर्षे वाजते आहे.

वाचकांपैकी ज्यांनी ही जात पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. दुसऱ्या महायुद्धातली जीप नाकाने बसकी होती. पुढे तिच्या इंजिनात आत जाणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह वरच्या बाजूला घेतला. त्यामुळे इंजिनाची ताकद वाढली, पण उंचीही वाढली. तेव्हा कारखानदाराने बाकीची गाडी फारशी न बदलता बॉनेट तेवढे उंच केले. १९५३ साली अमेरिकेत निघालेले हे उंच नाकाचे रूप तिकडे १९६८ साली बंद पडले, पण महिंद्रांच्या कारखान्यातून ते आपल्याकडे त्यानंतरही बराच काळ निघत राहिले. मुंबईत जीपच्या जुळणीचे काम १९४७ साली सुरू झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे जुन्या तालुक्याच्या गावांत अजूनही एखादी जीप का सापडते ते कळेल.

पुतण्या पुण्यास नोकरी करतो. शनिवारी रात्री येतो आणि रविवारी संध्याकाळी कोपरापर्यंत काळा होऊन परत जातो. त्याचे बेत मोठे. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवायचे, रुंद टायर घालायचे, पॉवर स्टिअरिंग करायचे आणि कपाळावर दिव्यांची माळ लावायची. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. माझे म्हणणे इतकेच, की जे आहे ते घासूनपुसून चालू ठेवावे. तो मला चिक्कू म्हणतो, मी त्याला उधळ्या म्हणतो. दोघेही थोडेसे खरेच बोलत होतो, हे आम्हाला यंदाच्या उन्हाळ्यात कळले.

त्या रविवारी आम्ही जोतिबाला गेलो होतो. पुतण्या चालवत होता, मी शेजारी, मागे आमच्या सौभाग्यवती आणि वहिनी. दर्शन झाले, कपाळभर गुलाल झाला आणि आम्ही डोंगर उतरू लागलो. दुसऱ्या की तिसऱ्या वळणावर पुतण्याने ब्रेक दाबला आणि त्याचा पाय थेट फळीला टेकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तो काही बोलला नाही. त्याचा चेहरा पाहून मीच विचारले, "काय रे?"

"काका, ब्रेक नाही."

मागे दोघी जावा खोबऱ्याच्या प्रसादावरून काहीतरी बोलत होत्या. मी मागे वळून पाहिले नाही. पुतण्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, इंजिनाने मोठ्याने हंबरडा फोडला आणि वेग थोडा उतरला. मग त्याने हाताचा ब्रेक ओढला. गाडीला असा हिसका बसला की नारळाची पिशवी पुढे येऊन माझ्या पायांवर पडली. डोंगराच्या अंगाच्या चरात डावी चाके घालून त्याने गाडी उभी केली. उजव्या बाजूला काय होते ते मी लिहीत नाही. ज्यांनी जोतिबाचा डोंगर उतरून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे.

आता हा हाताचा ब्रेक कसा वाचवून गेला ते सांगितले पाहिजे. या जुन्या जीपांमध्ये पायाचा ब्रेक चारही चाकांना तेलाच्या दाबाने लागतो, आणि हे तेल एकाच मास्टर सिलिंडरातून, एकाच साखळीतल्या नळ्यांतून जाते. चार चाकांपैकी कुठेही एक नळी फुटली, की सगळे तेल तिथून बाहेर आणि चारही चाके मोकळी! हाताच्या ब्रेकचा मात्र तेलाशी संबंध नाही. त्याचा लहानसा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर बसवलेला असतो. त्याची दोरी आणि लायनिंग शाबूत होते म्हणून हा अंक वाचणाऱ्यांत आज मीही आहे.

गाडी ओढून आणल्यावर मेस्त्री आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभा जन्म काढलेला हा माणूस. खाली सरकला आणि तिथूनच म्हणाला, "सर, मागच्या अ‍ॅक्सलचा रबरी पाइप बघा की. लोण्यागत झालाय. दिव्याच्या माळंला पैसं हाईत आणि ह्येला न्हाईत व्हय?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिले नाही, हा त्याचा चांगुलपणा. कारण गुढीपाडव्याला त्यानेच विचारले होते, "काका, सगळे रबरी पाइप बदलू या का?" आणि मी म्हटले होते, "चालतंय की अजून." आणखी एक कबुली देतो. ब्रेकचे तेल हवेतली ओल शोषून घेते. ओल धरलेले तेल लांब उतारावर तापले की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते पण ब्रेक दाबला जात नाही. हे मी मुलांना फळ्यावर शिकवले असते. आणि तोच मी दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या अर्ध्या डब्यातून तेल ओतत होतो, डबा फुकट जाऊ नये म्हणून!

मग पुतण्याचे इंजिन बाजूला राहिले आणि माझे घासणेपुसणेही. आम्ही ब्रेक हाती घेतले. गाडी जॅकवर उचलली आणि खाली लोखंडी घोडे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर किंवा विटा रचून कोणी गाडीखाली शिरेल तर त्याच्या घरच्यांनी त्याला पाय धरून बाहेर ओढावे. चारही व्हील सिलिंडर, त्यांतले रबरी वॉशर, सगळे पाइप नवे घातले. वॉशर धुवायला मी सवयीने पेट्रोलचा मग पुढे केला, तर मेस्त्रींनी तो हातातून काढून घेतला. पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागले, की हे रबर फुगते. ते ब्रेकच्या तेलानेच धुवायचे. आणि हेच तेल मडगार्डावर सांडले तर रंग सोलून काढते. आमच्या डाव्या मडगार्डावर त्याची खूण आहे.

एकच गोष्ट मात्र आम्ही मुळापेक्षा वेगळी केली. एकेरी मास्टर सिलिंडराच्या जागी दुहेरी बसवला. त्याचे दोन कप्पे असतात, पुढच्या चाकांना एक आणि मागच्यांना एक. एक नळी फुटली तरी दुसरी जोडी काम करते. अमेरिकेत नव्या प्रवासी मोटारींना अशी सोय १९६८ सालापासून सक्तीची झाली. आमच्या जीपचा जन्म त्याच्या दोन वर्षे आधीचा! जुन्याचा अभिमान मलाही आहे, पण या एका बाबतीत जुन्याची बाजू घेण्याचे धैर्य आता मजजवळ उरलेले नाही.

शेवटचे काम म्हणजे नळ्यांतली हवा काढणे. हे एकट्याचे काम नव्हे. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करायचा, बुडबुडे निघाले की आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचे. मास्टर सिलिंडरापासून सर्वांत लांबचे चाक आधी. पुतण्या खाली आडवा, मी तेलाच्या बाटलीवर लक्ष ठेवून, आणि पेडलवर? आमच्या वहिनी. वय वर्षे एकाहत्तर.

"दाबा आई... धरा... धरा... सोडा!"

"अरे, किती वेळ धरू? कुकरची तिसरी शिट्टी झाली!"

एका चाकाला त्यांनी शिट्टी ऐकून पाय आधीच सोडला आणि सगळी हवा परत आत गेली. पुन्हा पहिल्यापासून. वरण करपले. पण तिसऱ्या चाकापर्यंत त्यांना असा हात, म्हणजे पाय, बसला की त्याच पुतण्याला विचारू लागल्या, "दगडासारखं लागतंय आता. असंच लागायला हवं ना?"

डिझेलचा वाद मिटलेला नाही. मी त्याला हिशेब दाखवला. या जीपच्या अ‍ॅक्सलमध्ये लहान दातेरी चाकाला ८ दाते आणि मोठ्याला ४३, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे. संथ फिरणारे डिझेल इंजिन तिथे बसवले, तर ते हमरस्त्यावर सारखे ओरडत राहील. म्हणून अ‍ॅक्सल बदला, वजन वाढले म्हणून पुढचे पाटे बदला. म्हशीला नवी शिंगे हवीत म्हणून मान बदलण्यातला प्रकार! शिवाय इंजिन बदलले की आरटीओत नोंद आली, आणि मनमानी फेरफारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कडक निकाल दिलेला आहे. उलट पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली केंद्राने वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यासाठी सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. पुतण्याने तेही वाचले होते. म्हणाला, "पण काका, त्या नोंदणीत गाडी रोजच्या वापराला चालत नाही. दादांनी ती शोभेला घेतली होती का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अजून नाही.

खंडेनवमीला पाने-पकडींबरोबर वहिनींनी ब्रेकच्या पेडललाही हळदकुंकू वाहिले. दसऱ्याला आम्ही चौघे पुन्हा जोतिबाला गेलो. उतरताना पुतण्याने त्याच वळणाच्या आधी ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी केली. मागून वहिनींचा आवाज आला, "झालं ना तुझं बघून? चल आता, घरी कुलूप आहे."