आमची वाकडी कोरफड काढू नका



मागच्या बालसभेत एक सूचना आली. स्नेहसंमेलनाच्या आधी वऱ्हांड्यातली कोरफड काढून टाकावी व तिथे रोपवाटिकेतली नवी झाडे ठेवावीत. कारण काय, तर ती वाकडी आहे, टोके वाळली आहेत, पाहुणे काय म्हणतील! निर्णय येत्या शनिवारी होणार आहे. त्याआधी माझे मत इथे मांडते. माझ्या मते कोरफड राहिली पाहिजे.

आम्ही पहिलीत होतो तेव्हा ती तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावली. तेव्हा ती वीतभरसुद्धा नव्हती. आता आम्ही सातवीत आहोत आणि तिची पाने जवळजवळ हातभर झाली आहेत. इतकी वर्षे रोज तिच्या शेजारून आपण जातो, पण तिच्याकडे नीट बघतो किती जण?

ती वाकडी का झाली ते बघा. वऱ्हांड्यात एका बाजूला भिंत आहे, उजेड फक्त अंगणाकडून येतो. झाडाची सावलीकडची बाजू जास्त वाढते आणि उजेडाकडची कमी, म्हणून ते उजेडाकडे झुकते. आपण डबा कधी फिरवलाच नाही, मग ती सरळ कशी वाढणार? उन्हाळ्यात तिची पाने तांबूस होतात, ती कडक ऊन आणि कमी पाणी यामुळे. पान पातळ होऊन आत वळले तर तिला तहान लागली आहे. बुंधा मऊ पडला तर पाणी जास्त झाले आहे. म्हणजे तिला बोलता येत नाही, पण ती सगळे सांगते बरं का!

एका पानाचे टोक चेंडू लागून तुटले. ते टोक पुन्हा कधी येत नाही. परंतु मधल्या कोंबातून नवे पान येते, जुनी पाने खाली खाली जातात व शेवटी वाळून गळतात. पहिली-दुसरीत असताना झालेल्या जखमा आता तिच्या अंगावर शोधूनही सापडणार नाहीत. ती जखम भरत बसत नाही, नवे पान काढते. मला हे फार आवडते.

आता मे महिन्याची सुट्टी आठवा. शाळा बंद, पाणी घालायला कोणी नाही. अंगणात हौसेने लावलेली गुलाबाची रोपे जूनमध्ये बघितली तर नुसत्या काड्या! कोरफड मात्र जिवंत. याचे कारण असे की, बहुतेक झाडांच्या पानांची बारीक छिद्रे दिवसा उघडी असतात, त्यातून पाणी उडून जाते. कोरफड आपली छिद्रे मुख्यतः रात्री गारव्यात उघडते आणि जाड पानांत पाणी साठवते. म्हणून तर दाराला उलटी टांगलेली कोरफडसुद्धा मातीवाचून कित्येक महिने हिरवी राहते.

तिचा उपयोगही होतो. खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या बोटाला वाफ लागली, तेव्हा त्यांनी आधी गार पाणी ओतले, मग हिचाच गर लावला. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक मात्र धुऊन टाकावा. त्याने खाज सुटते, व पोटात गेला तर जुलाब होतात.

काही जण म्हणतात, “बुडाला पाच पिलं आलीत. त्यातलं एक सरळ बघून ठेवू न् मोठी टाकून देऊ.” हे ऐकायला बरोबर वाटते. पण जागा तीच, उजेड तोच. ते पिलूही दोन-तीन वर्षांत वाकणार. मग त्यालाही टाकणार का? झाड बदलून उजेडाची बाजू बदलत नाही.

विरोधकांचे एक म्हणणे मला पटते. डबा गंजला आहे आणि त्याची कड हाताला लागते. तेव्हा डबा जरूर बदलावा. बुडाला भोके असलेली मोठी कुंडी घ्यावी, मातीत वाळू मिसळावी, लावल्यावर चार-पाच दिवस पाणी देऊ नये. दर सोमवारी कुंडी थोडी फिरवावी. पाच पिले पाच वर्गांना द्यावीत. रोपवाटिकेतून नवी झाडे आणायची तर तीही आणा, पण हिला काढून नको.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते, लहान तोंडी मोठा घास म्हणून रागावू नका. आमच्यात कोणाचे अक्षर वाकडे आहे, कोणी वाचताना अडखळते. कोणी शाळेआधी गुरांचे बघून येते, तर कोणी घरी लहान भावाला सांभाळत अभ्यास करते. “त्या अमक्याची मुलगी बघ” असे म्हणण्याआधी आमच्याकडे उजेड कुठल्या बाजूने येतो, तेवढे बघा.

शनिवारी हात वर करायच्या आधी सर्वांनी एकदा वऱ्हांड्यात जाऊन कोरफड जवळून बघावी, ही विनंती.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी