केशर, करडई आणि गोरे बाळ

पाचवा महिना लागला की आमच्या विट्याकडील घरांतून गर्भवतीच्या दुधात केशराच्या काड्या पडू लागतात. माणदेशातील वाडीपासून सांगली-साताऱ्यातील बंगल्यापर्यंत या प्रथेत फारसा फरक नाही. फरक असतो तो डबीच्या किमतीत. तपासणीला सोबत आलेल्या सासूबाई विचारतात, ‘‘केशराने बाळाचा रंग उजळेल ना?’’ आणि थोड्या वेळाने हळूच सांगतात, की लोहाच्या गोळ्या मात्र थांबवल्या आहेत, त्यांनी म्हणे मूल काळे होते. या दोन समजुती बहुधा जोडीनेच येतात. म्हणून वाचकहो, आज प्रथम या केशराच्या झाडाचीच ओळख करून घेऊ. झाड नीट समजले की बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

लग्नाच्या स्वागत समारंभात व्यासपीठाच्या कडेने ग्लॅडिओलसचे उंच तुरे लावलेले आपण पाहिले असतील. केशर हे त्याच ग्लॅडिओलसचे भावंड. दोन्ही इरिडेसी, म्हणजेच केशर कुलातील. दोन्हींची पाने पात्यासारखी अरुंद, दोन्ही जमिनीतील कंदावर वर्षानुवर्षे जगणारी आणि दोन्हींच्या फुलात पुंकेसर तीनच. केशराच्या प्रजातीचे नाव क्रोकस आणि जातीचे क्रोकस सॅटायव्हस.

हे झुडूप नव्हे. जमिनीवर त्याला खोडच नसते. कंद उन्हाळाभर मातीत निजलेला असतो. ऑक्टोबरच्या अखेरीस काश्मीरमधील पांपोरच्या पठारावर त्यातून थेट जांभळे फूल वर येते. आपण ज्याला देठ समजतो ती वस्तुतः फुलाचीच लांब नळी असते आणि तिच्या तळाशी असलेले अंडाशय जमिनीखाली दडलेले असते. फुलाला सहा पाकळ्या, तीन पिवळे पुंकेसर आणि मधोमध एका पिवळ्या दांडीला फुटलेल्या तीन तांबड्या जिभा. या जिभा म्हणजे कुक्षी, फुलाचा पराग झेलणारा स्त्री-अवयव. त्या वाळवल्या की केशर तयार होते. (नाव पुंकेसराशी मिळतेजुळते असले, तरी मसाला स्त्री-अवयवाचा आहे, हे आमच्या विद्यार्थिदशेत परीक्षकांचे आवडते कोडे असे.) फूल उमलल्यावर एक-दोन दिवसांत मलूल होते, म्हणून ते पहाटेच हातांनी खुडावे लागते. एक ग्रॅम वाळलेल्या केशरासाठी सुमारे दीडशे फुले लागतात. किमतीचे कारण हे आहे. त्यात गूढ असे काही नाही.

आता एक गोष्ट मात्र लक्षपूर्वक वाचावी, विशेषतः शेतकरी वाचकांनी. केशराला बी धरत नाही. बहुतेक सजीवांत गुणसूत्रांचे दोन संच असतात. केशरात ते तीन आहेत. प्रजननाच्या वेळी तीनाची समान वाटणी होत नाही, त्यामुळे परागही निकामी आणि बीजही नाही. ग्रीसमधील एका रानटी क्रोकसपासून हे वांझ झाड कधी काळी उपजले. माणसाने त्याचे कंद उकरून, विलग करून पुन्हा लावले, म्हणूनच ते आजवर टिकले. दरवर्षी जुना कंद झिजून संपतो आणि त्याच्यावर नवे लहान कंद तयार होतात. तेव्हा ‘केशराचे बियाणे’ म्हणून कोणी पुडी विकत असेल, तर त्या पुडीत केशर नाही, एवढे तरी निश्चित. ‘अमेरिकन केशर’ या नावाने जे बी खपवले जाते ते करडईचे असते.

करडई आपल्याला परकी नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या पट्ट्यात रब्बीच्या ज्वारीसोबत ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था 1968 मध्ये स्थापन झाली; तिने या पिकावर दीर्घकाळ काम करून बिनकाट्यांचे वाण दिले. करडई सूर्यफुलाच्या कुलातील आहे, केशराशी तिचे दूरचेही नाते नाही. परंतु तिच्या नारिंगी पाकळ्या वाळल्यावर वरवर केशरासारख्या दिसतात, आणि भेसळ करणाऱ्याला तेवढे पुरते.

घरी पाहावयाचे असल्यास दोन-चार काड्या पाण्यात भिजवून भिंगाखाली धरा. केशराची काडी एका टोकाला कर्ण्यासारखी रुंदावते आणि तिथे तिची कड बारीक कातरलेली दिसते. करडईची पाकळी म्हणजे बारीक नळी, तिच्या टोकाला पाच चिरे. खरे केशर आपला रंग सावकाश सोडते, पाणी सोनेरी पिवळे होते आणि काडी बराच वेळ तांबडीच राहते. काडी टाकताच पाणी लाल झाले आणि ती पांढुरकी पडली, तर तिच्यावर रंग चढवलेला आहे असे समजावे. केशराचा वास गोडसर असला तरी चव कडवट असते. गोड लागणारी काडी संशयास्पद. या परीक्षा ढोबळ आहेत, हुशार भेसळ त्यांतून निसटू शकते. पूड मात्र घेऊच नये, तिची ओळख घरी पटणे अशक्य.

गर्भवतीच्या बाबतीत ही भेसळ केवळ पैशांचा प्रश्न राहत नाही. चिनी वैद्यकात करडईची फुले पाळी आणण्यासाठी वापरतात आणि म्हणूनच गरोदरपणी वर्ज्य मानतात. कृत्रिम रंगांविषयी तर बोलावयासच नको. शुद्ध केशराच्या एक-दोन काड्या दुधात घेतल्यास अपाय होत नाही. मसाल्याच्या मात्रेत ते निर्धोक आहे. औषधी म्हणून, चमच्याने मोजून ते गर्भवतीला कधीही देऊ नये, कारण मोठी मात्रा गर्भाशयाला उत्तेजित करू शकते.

आणि रंग? बाळाच्या त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यावर ठरतो. ते किती व्हावे, याची आज्ञा आई-वडिलांच्या जनुकांतून गर्भधारणेच्या क्षणीच मिळालेली असते. केशराचा रंग क्रोसिनचा. तो दुधाला रंगवतो, बाळाला नाही. सावळ्या आई-वडिलांच्या घरी सावळे बाळ आले म्हणून बाळंतिणीला टोमणे ऐकावे लागतात, तेव्हा मला त्या डबीचा खरोखरच राग येतो.

लोहाच्या गोळीविषयीचा समज कोठून आला, हेही सांगण्याजोगे आहे. गोळीतील जे लोह आतड्यात शोषले जात नाही, ते शौचावाटे बाहेर पडते आणि शौच काळी होते. ती काळी दिसली म्हणून मूल काळे होईल, असा तर्क कोणीतरी लढवला. गर्भाच्या त्वचेशी त्याचा काहीही संबंध नाही. उलट हिमोग्लोबिन अकराच्या खाली गेले तर गर्भवती पंडुरोगी ठरते. धाप लागते, बाळ कमी वजनाचे होऊ शकते आणि प्रसूतीच्या वेळचा थोडासा रक्तस्रावही अशा स्त्रीला झेपत नाही. शासकीय आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान 180 लाल गोळ्या विनामूल्य मिळतात. प्रत्येकीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. काही शे रुपयांची ग्रॅमभर डबी जपून कपाटात आणि फुकटची गोळी उकिरड्यावर, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

ज्यांना केशर-दूध द्यावयाचेच आहे त्यांनी ते रात्री द्यावे, आणि गोळी दुपारी, जेवणानंतर तासाभराने. दुधातील कॅल्शियम लोहाचे शोषण रोखते, म्हणून गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर नको. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर उत्तम. कॅल्शियमची गोळी सुरू असल्यास तीही वेगळ्या वेळी घ्यावी. लोहाच्या गोळीने मळमळ झाली तर ती झोपताना घेऊन पाहावी आणि दुधाचा पेला सकाळी ठेवावा. बद्धकोष्ठ झाल्यास पाणी आणि पालेभाज्या वाढवाव्यात. हिवाळ्यात आपल्याकडे करडईची कोवळी भाजी मिळते, तिची पळीफोडणी दिलेली चव बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकींना आवडते. तिच्यावर लिंबू पिळावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. त्रास होत असल्यास डॉक्टरांना सांगावे, प्रकार बदलून देता येतो.