मिठाची पोती

किल्ला पाहायला निघालेल्या मंडळींत पायथ्यालाच दोन तट पडतात. एकाला शेवटच्या बुरुजापर्यंत जायचे असते, दुसऱ्याला पहिल्याच सावलीत बसायचे असते. गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघे देवगिरीला गेलो, तेव्हा आमचेही तसेच झाले. चिरंजीव आणि कन्या तोफा मोजीत पुढे, सौ. फराळाची पिशवी सांभाळीत मागे आणि मराठी शिकवण्याचा पेशा असल्यामुळे दर दगडापाशी व्याख्यान द्यायला मी मधे.

देवगिरी हा नुसता किल्ला नव्हे, तटबंदीचे शहरच होते ते. कोटाच्या आत कोट, हत्ती तलाव, मशीद, बहमनी काळातला चाँदमिनार आणि मग तो सुमारे २०० मीटर उंचीचा डोंगर. त्याचा खालचा भाग सरळ तासलेला, भोवती खडकात खोदलेला खंदक. वर जायची वाट अंधारीतून. मोबाइलचा दिवा असूनही कन्येने माझे बोट सोडले नाही. बाहेर उजेडात आल्यावर चिरंजिवांनी विचारले, “बाबा, मग हा किल्ला कुणी घेतलाच कसा?”

प्रश्न बिनतोड होता. आज दिसणारे कोट बरेचसे यादवांनंतरचे, पण डोंगर तोच. १२९० साली ज्ञानेश्वरी पुरी झाली ती रामदेवरायाच्या राज्यात. ग्रंथाच्या अखेरीस त्याचे नावही आहे. पुढे सहाच वर्षांनी, १२९६ साली, अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. फौज राजपुत्राबरोबर बाहेर गेलेली. राजाने किल्ल्याचा आसरा घेतला. घाईघाईने व्यापाऱ्यांची धान्याची पोती वर नेली, आणि ती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले, अशी कथा आहे. अखेर खंडणी द्यावी लागली. १६३३ साली मोगलांनी सुरुंग लावून बाहेरचे कोट फोडले. पण वरचा किल्ला मिळाला तो आतले अन्न संपल्यावर, निजामशाहीच्या फतेहखानाने पैसे घेऊन तो हवाली केला तेव्हा.

मी हे रंगवून सांगत होतो. सौ. लाडवांचा डबा उघडीत म्हणाल्या, “एवढा डोंगर तासला, आणि एक पोतं उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही?”

माझे व्याख्यान तिथेच संपले. पण मला आठवण झाली ती एकनाथांची. सोळाव्या शतकात याच किल्ल्यावर जनार्दनस्वामी अधिकारी होते आणि नाथ त्यांच्यापाशी शिकायला राहिले होते. हिशेबातली एका पैची चूक सापडेना म्हणून ते रात्री दिव्यापाशी बसून राहिले, आणि ती सापडताच आनंदाने टाळ्या पिटू लागले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. मुलांना मी तीही सांगितली. एकाच किल्ल्यावर पोती न उघडणारेही होते आणि पै शोधणारेही. पहिल्यांचे राज्य गेले. दुसऱ्याचे भागवत अजून घरोघर वाचतात.

यंदा दिवाळीचा किराणा आला, तेव्हा चिरंजिवांनी कुणी न सांगता एकेक पुडा उघडून पाहिला. इतिहासाच्या परीक्षेत त्यांना किती गुण पडतील कोण जाणे. देवगिरीच्या प्रवासाचा खर्च मात्र वसूल झाला!