पाण्याशी पुन्हा गट्टी

तुमच्यापैकी किती जणींना पोहता येतं? परवा बचत गटाच्या बैठकीत मी हा प्रश्न सहज विचारला. वीस जणींपैकी बारा हात वर झाले. "शेवटचं कधी पोहलात?" म्हटल्यावर मात्र हशा पिकला. "ताई, लग्नाआधी!"

माझंही तेच. माहेर दौंड तालुक्यातलं, भीमेकाठचं. काकांनी पाठीला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत ढकललं, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. उन्हाळाभर नाकातोंडात पाणी गेलं आणि पोहणं आलं. पुढे लग्न होऊन शिरूरला आले. घोडनदी जवळच, पण सुनेनं पोहायचं हे कोणाच्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही. मुलं, सासूबाईंचं आजारपण, समाजकार्य यात बावीस वर्षं गेली आणि गुडघे कुरकुरू लागले.

चालायला गेलं की दुखायचं, न चालावं तर वजन वाढायचं. डॉक्टर म्हणाले, "पोहता येतं ना? मग पोहा." मुलीनं एका तलावावरची बायकांची वेळ शोधून काढली. पहिल्या दिवशी हातपाय बरोबर चालले, पण दम पार हरवला होता. दहा-बारा हात गेले आणि कठडा धरला. शेजारी पोरी सपासप जात होत्या. लाज वाटली, रडू आलं, तरी दुसऱ्या दिवशी गेले. आता मध्ये थांबत थांबत का होईना, अर्धा तास पोहते. जिना चढताना कठडा लागत नाही.

यात जादू नाही. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं तरी शरीराचा बराचसा भार पाणीच पेलतं, त्यामुळे सांध्यांना ताण न पडता व्यायाम होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. पोहणं त्यात चपखल बसतं. मात्र चाळिशीनंतर हाडं बळकट राहायला थोडा भार पेलणारा व्यायामही हवा, म्हणून जमेल तेवढं चालणं सोडू नका. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सुरुवात दहा मिनिटांनीच करा.

खंड पडला म्हणजे संपलं, असं नसतं. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010च्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. पुढे तहसीलदारीच्या नोकरीत सराव मागे पडला. तरीही तो परतला आणि 2018च्या आशियाई स्पर्धेत त्याचं कांस्य अवघ्या 0.01 सेकंदाने हुकलं. 2023च्या गोव्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने आणि पत्नी ऋजुताने, दोघांनीही सुवर्ण जिंकलं. आपल्याला पदक नको, गुडघे शाबूत राहिले तरी पुष्कळ!

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आपल्या भागात शेततळी झाली. प्लॅस्टिकच्या कागदावरून पाय घसरला की वर येणं कठीण. अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि विसरतो. पोहणाऱ्या आईची मुलं पोहायला शिकण्याची शक्यता जास्त. म्हणून बाईचं पोहणं ही हौस नाही, घराची गरज आहे.

पण जुन्या भरवशावर एकट्यानं नदीत किंवा विहिरीत उतरू नका. वाळूउपशाने नदीच्या पात्रात कुठे डोह झालेत, सांगता येत नाही. त्यापेक्षा जिथे तलाव आहे, तिथे बायकांसाठी रोज एक तास आणि पोहता येणारी प्रशिक्षिका मागूया. जिथे नाही, तिथे ग्रामसभेत विषय काढूया. एकटीनं मागितलं तर चेष्टा होते, वीस जणींनी मागितलं तर अर्ज होतो. आमच्या गटाचा अर्ज तयार आहे.

आणि घरचे काय म्हणतील? परवा मी कंटाळा करून बसले, तर सासूबाईच म्हणाल्या, "काय गं, आज पोहायला नाही का गेलीस?"