मागे गाडी नसलेली शर्यत

दिवाळी संपली की लांब पल्ल्याच्या सायकलवाल्यांचा हंगाम सुरू होतो. ऑडॅक्सच्या २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे (ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या सफरी), पुण्याहून गोव्याला जाणारी डेक्कन क्लिफहँगर आणि या सगळ्यांच्या तयारीसाठी रविवारची पहाट. मुंबई-ठाण्याचे स्वार नाशिक महामार्गाने आसनगाव ओलांडतात, कसारा घाट चढतात, इगतपुरीला नाश्ता करून परत फिरतात. शहापूरला उजवीकडे वळून डोळखांबची वाट धरणारे त्यांच्यात फार थोडे. माउंटन बाइक विकत घेऊन ती जन्मभर डांबरावरच चालवणारे मात्र पुष्कळ.

महाराष्ट्राने अल्ट्रा सायकलिंगमध्ये मोठं काम केलंय, यात वाद नाही. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून रेस अक्रॉस अमेरिका पुरी केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत संपवली. एकट्याने ती पुरी करणारे गोकुळनाथ पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी समर्थ ट्रान्स-सायबेरियन शर्यतीचे नऊ हजारांहून अधिक किलोमीटर कापून आले. २०१९ मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनीही अमेरिका पार केली.

पण ही सगळी डांबरावरची कामगिरी आहे आणि अमेरिकेतल्या त्या शर्यतीत स्वाराच्या मागे गाडी असते. गाडीत पाणी, उकडलेले बटाटे, मलम, सुटं चाक आणि पुढचं वळण सांगणारं माणूस. (हे कमी लेखायला म्हणत नाही. झोपेवाचून चिडलेल्या स्वाराला आठवडाभर सांभाळणं ही क्रूची वेगळीच परीक्षा असते.)

डोंगरी सायकलीची रीत निराळी. टूर डिव्हाइड ही शर्यत कॅनडातल्या बँफपासून रॉकी पर्वताच्या अंगाने मेक्सिकोच्या सीमेवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत जाते. सुमारे ४,४०० किलोमीटर, बहुतेक कच्च्या वाटांवरून. प्रवेश फी नाही, बक्षीस नाही, मागे गाडीही नाही. २०१६ मध्ये ब्रिटनच्या माइक हॉलने ती चौदा दिवसांच्या आत संपवली. तिचा एक नियम मला फार आवडतो : जी मदत प्रत्येक स्वाराला सारखी मिळू शकते, तेवढीच घ्यायची. दुकानातून विकत घ्या, लॉजवर झोपा, पण मित्राला पुढच्या गावात डबा घेऊन उभं करू नका.

हा नियम गाठीशी बांधून डोळखांबला यावं. शहापूरहून पूर्वेला निघालं की आजोबाचा डोंगर जवळ येत जातो. डेहण्याकडे आणि चोंढ्याकडे जाणारे रस्ते, त्यांना फुटलेल्या पाड्यांच्या वाटा, भातखाचरांचे बांध, सागाच्या रानातली बैलगाडीची चाकोरी. इथे सलग चढ मिळत नाही. थोडं चढा, ओढ्यात उतरा, सायकल खांद्यावर घ्या, पुन्हा चढा. कसारा घाटात पायाला एक लय सापडते. इथे ती दर दहा मिनिटांनी मोडते, आणि डोंगरी अल्ट्रात माणूस थकतो तो या मोडण्याने. मुरूम सुटा असतो, उतारावर पुढचा ब्रेक कचकन दाबला की चाक निसटलंच. बाभळीच्या काट्यांसाठी टायरमध्ये सीलंट भरून यावं आणि २९ इंची ट्यूब गावच्या सायकल दुकानात मिळेल असं धरून चालू नये.

चोंढ्याहून घाटघरला चढायचा मोह होईल, तो आवरावा. ती पायवाट आहे. तिथली रोजची चढउतार घाटघर प्रकल्पाच्या पाण्याने करावी : विजेची मागणी कमी असताना पंपाने वर, गरज लागली की २५० मेगावॉट वीज देत खाली. स्वाराने पायथ्यापायथ्याने किन्हवली-सरळगावकडे वळून मुरबाड तालुक्यात शिरावं, पाय शाबूत असतील तर नाणेघाटाखालच्या वैशाखऱ्यापर्यंत जावं. कल्याण बंदरातला माल जुन्नरला नेणारे तांडे दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखातून जात. त्यांचं सामान निदान बैलांच्या पाठीवर होतं.

आता पाण्याचं. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागवणारी धरणं शहापूर तालुक्यातली. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातशाचं. आणि उन्हाळा आला की याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतात. कष्ट करणारा स्वार तासाला अर्धा-पाऊण लिटर पाणी पितो, उन्हात त्याहून जास्त. बारा तासांचं पाणी सायकलवर मावत नाही. मग तो दारात उभा राहून विचारणार, "मावशी, पाणी मिळेल का?" नाही म्हणणारं घर या भागात सापडणं कठीण. तांब्या भरून मिळेल, वर बसायला सांगतील. पण मे महिन्यात त्या तांब्यातलं पाणी कुणीतरी हंडा डोक्यावर घेऊन, उन्हातून चालत आणलेलं असतं. एका स्वाराचं खपून जाईल. छातीवर नंबर लावलेले शंभर जण एकाच पाड्यातून गेले तर?

टूर डिव्हाइडचा नियम इथे तोकडा पडतो. मदत सगळ्या स्वारांना सारखी मिळते का, एवढंच तो पाहतो. देणाऱ्याला ती परवडते का, हे विचारत नाही. कोलोरॅडोत त्याची गरज पडत नसेल, डोळखांबला पडते. विनामदत शर्यत म्हणून मिरवायचं आणि शंभर जणांची तहान पाड्यातल्या बायकांच्या डोक्यावर द्यायची, हे जमणार नाही.

तरी डोळखांबच्या वाटांवर अशी शर्यत व्हावी, या मताचा मी आहे. भातकापणी उरकून बांध मोकळे झाले की घ्यावी आणि माघ संपायच्या आत आटपावी. पाण्याची ठिकाणं आयोजकांनी आधी ठरवावीत, पाणी तालुक्याबाहेरून आणावं, चहा-वडापावाचे पैसे स्वारांनी डोळखांबच्या टपऱ्यांवर रोख मोजावेत. बिबट्याचा वावर असलेल्या रानातून रात्री कुणाला सोडायचं की नाही, हे वनखात्याला विचारूनच ठरवावं. वाट आखायला मुंबईतून नकाशा घेऊन येण्यापेक्षा पाड्यांतली पोरं मजुरी देऊन बरोबर घ्यावीत. कुठला ओढा डिसेंबरात आटतो आणि कुठल्या शेतकऱ्याने बांधावर कुंपण घातलंय, हे त्यांना ठाऊक असतं. आणि कुणी एप्रिल-मेची तारीख जाहीर केलीच, तर या सदरात तिच्याविरुद्ध लिहीन, प्रायोजक कितीही मोठा असो.