मानसिकता नेमकी कुणाची?

योजना फसली की आढावा बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : लोकांची मानसिकताच तशी आहे. लस टोचून घेत नाहीत, संडास बांधून दिला तरी टमरेल घेऊन निघतात, मानसिकता! या शब्दाची मोठी सोय अशी, की तो उच्चारला की फाइल बंद करता येते. हल्ली या वाक्याला वर्तनशास्त्राचा टेकू दिला जातो, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. या शास्त्रातले भक्कम पुरावे नेमकं उलट बोलतात.

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 'सेवा मंदिर' संस्थेबरोबर 134 गावांत केलेला प्रयोग 2010 साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत काहीच बदललं नाही, तिथे एक ते तीन वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम 6 टक्क्यांचं लसीकरण पूर्ण झालेलं आढळलं. जिथे दर महिन्याला ठरल्या दिवशी शिबिर भरलं, तिथे 18 टक्के. आणि जिथे शिबिराच्या जोडीला दर खेपेला किलोभर डाळ व शेवटी थाळ्यांचा संच मिळाला, तिथे 39. आई लशीच्या विरोधात असती, तर किलोभर डाळीने तिचं मत फिरलं नसतं. रोज बुडवून, लेकरू कडेवर घेऊन पाच खेपा घालायच्या, रात्री त्याच्या तापाने जागायचं. आणि न झालेला गोवर कुणाला दिसतो? आजचं उद्यावर ढकलणं ही मानसिकता असेल, तर मार्चअखेर खर्चाची धावपळ करणाऱ्या खात्यांत ती कमी नाही.

डाळ म्हणजे लाच, असं यावर म्हटलं जातं. पण लाच देऊन नियम मोडून घेतात; इथे तर शेजारच्या मुलालाही संसर्गापासून वाचवणाऱ्या कामासाठी बुडालेल्या रोजाची थोडी भरपाई आहे. शिवाय नर्सबाईंचा दिवस दहा मुलं आली काय नि तीस आली काय, तेवढ्याच खर्चाचा. म्हणूनच पूर्ण लसीकरणाचा दर मुलामागचा खर्च डाळ देऊनही सुमारे 56 डॉलरवरून 28 वर उतरला.

दुसरा आक्षेप वजनदार आहे : वर्तनशास्त्राच्या युक्त्यांचा, उदाहरणार्थ पत्राचा मजकूर बदलण्याचा, गाजावाजा फार, परिणाम थोडा. हे मला मान्य आहे. स्टेफानो देलाविग्ना आणि एलिझाबेथ लिनोस यांनी 2022 मध्ये दाखवलं, की विद्वत्पत्रिकांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी 8.7 टक्के-बिंदूंचा फरक पडतो, तर अमेरिकेत सरकारांसाठी काम करणाऱ्या दोन मोठ्या पथकांच्या प्रयोगांत अवघा 1.4. पत्राचा मजकूर बदलून दवाखान्याचं कुलूप उघडत नाही. उदयपुरातही 6 वरून 18 पर्यंतची, म्हणजे तिपटीची, झेप डाळीने नव्हे, ठरल्या दिवशी हजर राहणाऱ्या शिबिराने घेतली होती.

म्हणून हे शास्त्र खात्याने आधी स्वतःवर चालवावं : कर्मचारी कशाला चुकारपणा करतो, वरिष्ठ तो का खपवतो. त्याच जिल्ह्यात बॅनर्जी, दुफ्लो आणि रेचेल ग्लेनर्स्टर यांनी तेही करून पाहिलं. उपकेंद्रातल्या नर्सनी ठरल्या दिवशी तीनदा तारीख-वेळेचा शिक्का मारायचा, गैरहजेरी फार झाली तर पगार कापायचा. पहिले काही महिने हजेरी चांगलीच सुधारली. मग 'सूट दिलेले दिवस' वाढत गेले, आणि सोळा महिन्यांनी या नर्सच्या आणि शिक्क्याची अट नसलेल्या नर्सच्या हजेरीत फरक उरला नाही.  सूट आरोग्य खात्याकडूनच मंजूर होत होती.