एकापासून सहापर्यंत आणि परत

आटपाडीतील डाळिंबाचे सौदे असोत वा या भागातून परप्रांती गेलेल्यांचे गलाईचे दुकान असो, रोजमेळ जुळल्याशिवाय व्यापाऱ्याला स्वस्थता लाभत नाही. कधी अवघ्या १८० रुपयांचा फरक सारी संध्याकाळ खातो. जाणता दिवाणजी अशा वेळी फरकाला नवाने भाग जातो का, हे प्रथम पाहतो. भाग गेला, तर शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय धरावा. ५,६४३ ऐवजी ५,४६३ लिहिले गेले, की फरक नेमका १८० येतो.

नवाची ही खूण स्थानमूल्यातून आलेली आहे. दहातून एक वजा केला तर नऊ, शंभरातून एक वजा केला तर नव्व्याण्णव उरतात. म्हणून अंकांनी जागा बदलली, तरी फरक नवाच्या पटीतच राहतो.

याच स्थानमूल्याचे सौंदर्य नवव्या शतकात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात उलगडले. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा गौरव करून आरंभ होणाऱ्या या ग्रंथात काही गुणाकारांच्या उत्तरांना राजाच्या कंठाभरणाची उपमा दिली आहे. त्यात २७९९४६८१ ला ४४१ ने गुणण्याचे उदाहरण आहे. उत्तर येते १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि त्याच पायऱ्यांनी उतरणारी ही संख्या डावीकडून वाचा वा उजवीकडून, सारखीच.

ती सहा एकांच्या १११११‌१ या संख्येचा वर्ग आहे. सहा एकांची ही संख्या ३, ७, ११, १३ आणि ३७ या मूळ संख्यांचा गुणाकार होय. त्यांपैकी ३ आणि ७ यांचा गुणाकार २१, आणि २१ चा वर्ग ४४१. उरलेल्या तिघांचा गुणाकार ५२९१, आणि त्याचा वर्ग २७९९४६८१. म्हणून घरातील मुलांनी २१ ने लागोपाठ दोनदा गुणले, तरी पुरे. पहिले उत्तर ५८७८८८३०१, दुसरे ही माळ.

येथे नवाचा पडताळा उपयोगी पडत नाही. ४४१ लाच नवाने भाग जातो. त्यामुळे गुण्य चुकीचे लिहिले, तरी तो जुळेलच. परंतु उत्तरातील एखादाच अंक चुकला, तर माळेचा तोल बिघडतो आणि चूक डोळ्यांना दिसते. शिकणाऱ्याला गुरूजींकडे धाव घ्यावी लागत नाही.

खतावणीतील रकमा मात्र अशा माळेसारख्या नसतात. तेथे पडताळा चुकला, तर हिशेब निश्चित चुकला. पण पडताळा जुळला म्हणून हिशेब बरोबरच, असे नव्हे. शेतकऱ्याच्या पट्टीत उलटे पडलेले दोन अंक नवाच्या पडताळ्यातून सहज निसटतात, आणि ते १८० रुपये त्याच्या घामाचे असतात. म्हणून बेरीज जुळल्यावरही मूळ पावतीशी रक्कम ताडून पाहावी. पूर्वजांच्या गणिताचा अभिमान बाळगणाऱ्या पेढीला तो हिशेबातूनच सिद्ध करता येतो.